पाठदुखी : उपचारांची गर्दी आणि रुग्णाची वाट

भौतिकोपचार तज्ज्ञांनी आपल्या नावाआधी 'डॉक्टर' ही उपाधी लावावी की लावू नये, या प्रश्नावर सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत बरेच रण माजले. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला या उपाधीच्या विरोधात पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी फेरविचारासाठी ते मागे घेतले. या वादात डॉक्टरांची बाजू मांडली गेली, भौतिकोपचार तज्ज्ञांचीही मांडली गेली. मांडली गेली नाही ती एकच बाजू, आणि ती म्हणजे रुग्णाची. ज्याची कंबर तीन महिने ठणकते आहे, त्याला दारावरच्या पाटीवर कोणती उपाधी आहे यात फारसे स्वारस्य नसते. कोणाच्या दारात जावे, एवढेच त्याला कळायला हवे असते. आणि नेमके तेच त्याला कोणी सांगत नाही.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कमरेच्या दुखण्याने २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसे त्रस्त होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक व्याधिभार अभ्यासात वर्तवलेला आहे. माणसाला जिवंत ठेवून निकामी करणाऱ्या व्याधींत या दुखण्याचा क्रमांक पहिला लागतो. तथापि ते कोणाचा जीव घेत नाही. त्याची साथ येत नाही, त्यावर विधिमंडळात लक्षवेधी सूचना येत नाही आणि त्याच्या नावाने सप्ताहही साजरे होत नाहीत. दिवसभर फळ्यासमोर उभा राहणारा शिक्षक, आठ तास खुर्चीत वाकून बसणारा कारकून, परीक्षेच्या अभ्यासासाठी रात्री जागवणारा विद्यार्थी, हे सारे ते मुकाट्याने सोसतात. ज्या दुखण्याला शासनदरबारी वाली नसतो, त्याला बाजारात मात्र वाली पुष्कळ मिळतात.

या बाजाराचे मूळ दुखण्याच्या स्वभावातच आहे. शंभरातील सुमारे नव्वद रुग्णांच्या पाठदुखीमागे बोट ठेवून दाखवता येईल असा विशिष्ट आजार सापडत नाही. स्नायू, सांधे, बसण्याउठण्याच्या सवयी, अपुरी झोप, मनावरचा ताण अशा अनेक कारणांची ती गुंतागुंत असते. दुसरे असे की, अचानक उद्‌भवलेली पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्यांनी लाथ खाल्ली त्यांतील बहुतेक बरेही झाले. पण ज्यांनी खाल्ली नाही तेही बरे झाले. मालिश करणारा, तेल विकणारा, पट्टा बांधणारा, सुई टोचणारा, या सर्वांच्या यशाचा मोठा वाटा निसर्गाच्या खात्यावर जमा व्हायला हवा. उतरत्या दुखण्यावर केलेला शेवटचा उपाय हाच रामबाण ठरतो, आणि शेजाऱ्याचा अनुभव म्हणून तो गल्लीभर पसरतो.

म्हणून आधुनिक वैद्यकाने स्वतःची पाठ थोपटून घ्यावी असेही नाही. १९३४ साली अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोघा शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधील गादी फाटून मज्जातंतूवर दाब येतो, हे दाखवून दिले. शोध खरा होता. परंतु थोड्यांना लागू असलेला हा निष्कर्ष पुढे सरसकट सर्वांना लावला जाऊ लागला. विश्रांतीचेही तसेच झाले. लाकडी फळीवर आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला कैक वर्षे निःशंकपणे दिला गेला. अमेरिकेतच १९८६ साली डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली. दोन दिवस पडून राहण्यास सांगितलेले रुग्ण सात दिवसवाल्यांपेक्षा ४५ टक्के कमी दिवस कामाला मुकले आणि त्यांच्या प्रकृतीचे काहीही बिघडले नाही. आज तर अंथरुणाला खिळून राहणे अपायकारक मानले जाते. असे असूनही "पंधरा दिवस हलू नका" हा सल्ला घरोघरी ऐकू येतो, तो देणारे नेहमीच अशिक्षित असतात असेही नव्हे.

त्यानंतर एमआरआय यंत्र आले. शरीराच्या आतले दाखवणाऱ्या या यंत्राचे मोल वादातीत आहे. पण ते जे दाखवते तेच दुखण्याचे कारण, हे गृहीत धरणे चूक आहे. पाठ मुळीच दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेण्यात आला. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांतील गादीची झीज झालेली दिसली. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के होते. गादी फुगलेली आढळण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. केस पांढरे व्हावेत तशीच ही झीज वयाबरोबर येते. परंतु अहवालात हे शब्द वाचून, आणि मग "मणक्यात गॅप आहे" असे ऐकून, चाळिशीतला धडधाकट माणूस वाकायला भितो, बादली उचलायला भितो, चालणे सोडतो. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात, आणि दुबळे स्नायू अधिक दुखतात. कागदावरच्या शब्दांनी माणूस पंगू होतो, तो असा.

मग उपाय तरी कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत दुखण्याचे स्वरूप रुग्णाला नीट समजावून सांगणे, नियमित व्यायाम, विचार व वर्तन यांवर भर देणारे मानसोपचार, मालिश व मणक्यांचे हस्तोपचार, आणि सूज उतरवणारी वेदनाशामके यांना स्थान आहे. ही वेदनाशामकेही बेताने घ्यावयाची. त्यांचा अतिरेक जठराला आणि मूत्रपिंडांना भोवतो. याउलट कमरेचे पट्टे, वजन लावून कंबर ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्याचा वापर नको, असे या सूत्रांत स्पष्ट म्हटले आहे. औषधांच्या कोणत्याही दुकानात जो पट्टा दर्शनी टांगलेला असतो, तो या यादीत नकोशा बाजूला आहे, ही गोष्ट किती रुग्णांच्या कानावर गेली आहे?

आयुर्वेदाचाही येथे विचार करायला हवा. नितंबापासून पायात उतरणाऱ्या कळेचे वर्णन 'गृध्रसी' या नावाने चरकसंहितेत आहे, आणि तेल लावून शेक घेतल्याने अनेकांना बरे वाटते, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र बरे वाटले की त्याच दिवसांत व्यायामाला लागावे. केवळ शेकावर विसंबून राहिल्यास दुखणे परत येते. तसेच ज्यांवर नाव नाही, घटक नाहीत अशा पुड्यांपासून सावध राहावे. असल्या भुकट्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. दोन दिवसांत मिळालेल्या आरामाची किंमत मग हाडे ठिसूळ करून फेडावी लागते.

अर्थात सर्वच पाठदुखी निरुपद्रवी नसते. लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे, जांघांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. ताप, वजनातील घट, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्याचा मोठा मार यांचीही वेळीच तपासणी व्हावी. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयात मणक्यांचा क्षय सर्वांत अधिक आढळतो. म्हणून पाश्चात्त्य देशांत जी शंका दुर्मिळ, ती येथे नेहमी मनात बाळगावी लागते. पहाटे पाठ ताठरलेली आणि हालचालीनंतर सैल होणारी, असे दुखणे तरुण वयात दीर्घकाळ टिकले तर संधिवातज्ज्ञाला दाखवणे इष्ट होय.

शस्त्रक्रियेचा प्रश्नही असाच तोलून पाहावा लागतो. पायात तीव्र कळ जाणाऱ्या २८३ रुग्णांची नेदरलँड्समध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करायची आणि निम्म्यांना आधी थांबवून पाहायचे, असे ठरले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना दरम्यान शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही नमूद केले पाहिजे. तात्पर्य असे की, निवडक रुग्णांना शस्त्रक्रिया लवकर सुख देते. पण वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर विचार करायला अवधी असतो. "उद्या दाखल व्हा, नाहीतर पाय जाईल" असे ज्याला सांगण्यात येते, त्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा अविश्वास नव्हे, तो त्याचा अधिकार आहे.

हा अधिकार वापरणे मात्र पैशाच्या रचनेने अवघड करून ठेवले आहे. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली आणि तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. केंद्राची २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजनाही तेवढेच संरक्षण देते. पण दोन्ही योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. खासगी विम्याची घडणही बहुतांशी तीच. परिणामी खाटेवर पडून केलेल्या उपचाराला पैसे मिळतात. दोन महिने व्यायाम शिकवणाऱ्याचे शुल्क रुग्णाने खिशातून द्यावयाचे असते. जे शास्त्राने पहिले ठरवले ते अर्थव्यवस्थेने शेवटचे ठरवले आहे. वेदना, गरिबी आणि शस्त्रक्रियेची सोय एकत्र आली म्हणजे काय घडते, याचा दाखला दूर शोधायला नको. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या पाहणीत २०१९ साली तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. तो विषय वेगळा आहे. पण अवजड मोळ्या वाहणाऱ्या शरीराची दुखणी ऐकून न घेता कापून टाकण्याची वृत्ती परकी नाही.

तेव्हा रुग्णाने जायचे कोठे? प्रथम जवळच्या, ओळखीच्या सामान्य डॉक्टरकडे, किंवा सरकारी दवाखान्यात. तेथे कपडे उतरवून पाठ तपासली जाते का, पायातली शक्ती व संवेदना पाहिली जाते का, हे त्याने पाहावे. धोक्याचे लक्षण नसेल तर चित्रणाचा आग्रह रुग्णानेही धरू नये. त्यानंतर शिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञाकडे जावे. आणि जो केवळ यंत्र लावून झोपवत नाही, घरी करायचे व्यायाम शिकवून हळूहळू आपली गरज संपवतो, तो योग्य समजावा. सहा ते बारा आठवड्यांत फरक नसेल तर तज्ज्ञाचे दार ठोठवावे. या सर्व काळात चालणे सोडू नये, काम शक्यतो थांबवू नये.

भारतातील पहिली भौतिकोपचार शाळा १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली, ती पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी. ज्या महाराष्ट्राने हे ज्ञान देशात प्रथम रुजवले, तेथे ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवणे अशक्य नाही. त्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. एक खोली, चार सतरंज्या आणि शिकवणारा एक माणूस पुरतो. अशा माणसांची पदे निर्माण करणे आणि बाह्यरुग्ण उपचारांना योजनांत स्थान देणे, हे शासनाचे काम आहे. उपाध्यांचा वाद त्यानंतरही मिटवता येईल. पाठदुखी माणसाला मारत नाही, हे खरे. परंतु ती त्याची उमेद, त्याची मिळकत आणि काही वेळा त्याची आयुष्यभराची पुंजी खाऊन टाकते. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याएवढे हे नुकसान लहान नाही.