नशेतल्या बाईच्या शेजारी कोण बसणार?

नशा म्हटले की आपल्या चळवळीला दारूच आठवते. साहजिक आहे, आडव्या बाटलीच्या मतदानासाठी आपण गावोगाव हिंडलो. पण परभणी जिल्ह्यात उकिरड्याच्या कडेला धोत्रा उगवतो, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिला जातो, आणि त्याबद्दल आपण बैठकीत अवाक्षर काढत नाही.

धोत्र्याचे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते. दम्यावरचा उपाय म्हणून, भांगेला जोर यावा म्हणून, कधी नकळत ते पोटात जाते. कोणत्या फळातले बी किती जहाल निघेल हे सांगता येत नाही. तोंड कोरडे पडते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, छाती धडधडते, लघवी अडते. माणूस हवेतल्या वस्तू पकडू लागतो, घरच्यांना ओळखत नाही. पुरुषाचे असे झाले तर ‘भांग चढली’. बाईचे झाले तर ‘बाहेरचे लागले’! मग तिला दोरीने बांधायचे, चोपायचे. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण रात्री दहा वाजता वस्तीवर कायदा नसतो, शेजारीण असते. म्हणून तिलाच हे ठाऊक हवे: मारू नये, जबरदस्तीने काही पाजू नये, ओकारी काढू नये, एकटे सोडू नये, विहिरीपासून दूर ठेवावे. उरलेले बी सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा आणि काय खाल्ले ते खरे सांगावे. धोत्रा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येत नाही. दवाखान्यात विषबाधेची नोंद होईल, ती होऊ द्यावी.

ही नशेला मुभा आहे, असे काही मैत्रिणी म्हणतील. मला ते पटत नाही. जीव आधी, उपदेश मागून.

जगात सध्या याच्या पुढची चर्चा चालली आहे. धोत्र्याहून अगदी वेगळी अशी काही द्रव्ये, उदाहरणार्थ काही अळिंबींतले सिलोसायबिन, हट्टी नैराश्यावर वापरून पाहिली जात आहेत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मनोविकारतज्ज्ञांना तशी परवानगी दिली. आपल्याकडे सिलोसायबिन बेकायदा आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको जिथे कर्ज, शेत आणि सासर एकटीने ओढते, तिथे नैराश्यावरचे नवे औषध मी केवळ ‘नशा’ म्हणून नाकारणार नाही. माझी शंका निराळी आहे. या उपचारात बाई तासन्‌तास अमलाखाली असते आणि उपचारक शेजारी बसलेला असतो. कॅनडात २०१५ साली एमडीएमए या औषधाच्या चाचणीत उपचारकांनीच रुग्ण बाईला दाबून धरले, तिच्याशी लगट केली. त्याची चित्रफीत २०२२ मध्ये बाहेर आली. तिथे कॅमेरा तरी होता.

तेव्हा औषध कोणते, याइतकाच शेजारी कोण हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बाईने आधीच, शुद्धीत असताना द्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी नेमू शकते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. प्रतिनिधी नवराच हवा असे नाही. बहीण चालेल, बचत गटातली मैत्रीण चालेल. तिची तयारी मात्र हवी. बचत गटांच्या बैठकीत हे कागद भरून घ्यायला काहीच हरकत नाही.

सासरचे विचारतील, “आम्ही काय मेलो होतो?” त्यांना काय सांगायचे, हे त्याच बैठकीत बोलावे लागेल.