पाणी देणारा तोच, तपासणारा तोच?

मृग लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या पऱ्ह्यांची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास दवाखान्यात हगवण-उलटीचे रुग्ण वाढू लागतात. ‘पाणी बदललं म्हणून होतं,’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. पण पाणी आपोआप बदलत नाही. त्यात काहीतरी मिसळते, आणि ते मिसळू न देणे हे कोणाचे तरी काम असते.

काही वर्षांपूर्वी या भागातील एका गावात पहिल्या पावसानंतर एकाच मोहल्ल्यातील माणसे आजारी पडली. ग्रामपंचायतीची नोंदवही पाहिली, तर रोजची नोंद आणि रोजची सही जागच्या जागी. कर्मचारी प्रामाणिक होता. तो रोज टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत होता. परंतु पावडरचे पोते तोंड उघडे टाकून ओल आलेल्या कोपऱ्यात कित्येक महिने पडले होते. अशा पावडरमधील क्लोरीन उडून जातो आणि हाती उरतो तो नुसता चुना. मोहल्ल्यातील शेवटच्या नळाच्या पाण्यात तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले, पण रंग आलाच नाही. नोंदवही बरोबर होती, पाणी मात्र चुकले होते.

वाचकहो, दोष एका माणसाचा नाही. जो पाणी पुरवतो तोच ते शुद्ध करतो आणि शुद्ध झाल्याची सहीही तोच करतो, ही व्यवस्थाच सदोष आहे. सावकाराने स्वतःच्याच वहीवर शिक्का मारावा, तसा हा प्रकार होय.

नियम नाहीत असे नाही. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हे विषय पंचायतींच्या यादीत आले. राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरवले. पण पाणी किती मिळाले हे लोकांना घागर पाहून कळते. ते कसे आहे, हे घागर पाहून कळत नाही. म्हणूनच तपासणीला महत्त्व आहे.

आपल्या राज्यात आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. पद्धत चांगली आहे. परंतु आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले, हे पाणी भरणाऱ्या बाईला विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी कार्ड कपाटात असते आणि पाणी घराघरांत!

महामार्गावरील शहापूरसारखी गावे वाढत असतात. नवी घरे, नव्या जोडण्या येतात आणि पाइप नाल्यांच्या कडेने किंवा खालून जातात. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी बंद झाले की रिकामा पाइप फुटक्या सांध्यातून नालीतले पाणी आत ओढतो. टाकीतले पाणी शुद्ध असूनही शेवटच्या घरी ते घाण होऊन पोहोचते, ते असे. शिवाय धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते. त्यामुळे संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून निदान ५० फूट दूर हवा. संडास बांधला हे चांगलेच झाले, पण तो कोठे बांधला, हेही कोणीतरी पाहिले पाहिजे.

मग करायचे काय? तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, तपासणी टाकीजवळ न करता शेवटच्या नळावर करावी. तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे. दुसरी, ही तपासणी पाणी सोडणाऱ्याने करू नये. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते काम त्यांच्याकडे सोपवावे. तिसरी, एप्रिलच्या पाहणीतील कार्ड १ मेच्या आणि ऑक्टोबरच्या पाहणीतील कार्ड २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे व नंतर पंचायतीच्या भिंतीवर लावावे.

‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेलेच असते. १९८० साली रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांच्या प्रकरणात हेच सांगितले होते. पैसा नाही म्हणून सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तिला बजावले. मात्र आपणही पाणीपट्टी थकवायची आणि वर शुद्ध पाणी मागायचे, हे न्यायाचे नाही. पट्टी भरणाऱ्याचा प्रश्न विचारण्याचा अधिकार अधिक बळकट होतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेत उठून एकच प्रश्न विचारा: ‘आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे?’ सरपंचांना उत्तर माहीत असेल, तर आनंदच आहे. नसेल, तर कपाट उघडायला लावा. आणि त्याच कपाटाशेजारी पावडरचे पोते कसे ठेवले आहे, तेही जाता जाता पाहून घ्या.