केसपेपर हरवला तरी इलाज थांबू नये

कोणत्या पेठेत किती माल उधारीवर गेला, हे आपला टॉवेलचा व्यापारी संगणकावर क्षणात पाहतो. त्याच्याच मागावरचा कामगार मात्र जुने केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सिव्हिलला जातो. पिशवी हरवली की तपासण्या पुन्हा आणि रोजही पुन्हा बुडाला. त्यात आपल्या एकेका मोहल्ल्यात मेहबूब शेख चार-चार. कोणाला कोणत्या इंजेक्शनची रिअॅक्शन येते, हे नावावरून डॉक्टरांना कसे कळावे?

२०२१ पासून देशभर मिळणारा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यासाठीच आहे. तो मोफत व ऐच्छिक असून आयुष्मान कार्डाहून वेगळा आहे. अनेकांची इथेच गल्लत होते. रुग्णाने संमती दिली तरच त्याच्या नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. पण रुग्णालयाने नोंदच केली नाही, तर क्रमांक असून नसल्यासारखा. राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणक व्यवस्था जुलै २०२२ मध्ये कंत्राटदाराशी झालेल्या वादात बंद पडली आणि पुन्हा कागद आला. असे परत होऊ नये, म्हणून आपल्या व्यापारी संघटनांनी सिव्हिलच्या प्रशासनाला भेटून नोंदींचा आग्रह धरावा. कारखानदार बांधवांनी कामगारांचे, विडी वळणाऱ्या भगिनींचेही क्रमांक काढून द्यावेत. त्याआधी आधारवरील नावाचे स्पेलिंग मात्र तपासून घ्यावे.