रस्ता रुंद झाला तरी कोंडी का सुटत नाही? ऊस वाहतूक आणि गावच्या इंटरनेटचं दुखणं एकच

गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्यात एसटी अडकते, रुग्णवाहिका अडकते. तोडलेला ऊस उन्हात वाळून वजन घटतं, उताराही कमी होतो. मागणी मात्र दरवर्षी एकच: रस्ता रुंद करा. पण फक्त रुंदीकरणानं ही कोंडी सुटणार नाही. कारण साध्या हिशोबात आहे.

समजा, कारखाना दिवसाला 5000 टन गाळतो. म्हणजे तासाला साधारण 208 टन. दोन ट्रॉल्यांच्या एका ट्रॅक्टरमध्ये 20 टन ऊस धरला, तर तासाला दहाच ट्रॅक्टर रिकामे होणार. संध्याकाळी चार तास, तासाला 15 ट्रॅक्टर आले तर 20 ट्रॅक्टर रांगेत उरतात. शेवटच्याला दोन तास थांबावंच लागतं. रस्ता चौपदरी केला तरी गव्हाणीचा वेग तोच राहतो. रांग फक्त आडवी पसरते.

गर्दी वाढली की अडथळा नसतानाही कोंडी होते. जपानच्या शास्त्रज्ञांनी 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सारख्या वेगानं चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा. तरी थोड्या वेळात गाड्या थांबायला लागल्या. एकानं जरासा ब्रेक दाबला, मागच्यानं जास्त दाबला, त्याच्या मागचा थांबलाच. हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या रस्त्यावर तर ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाडी आणि दुचाकी असे चार वेग एकत्र धावतात.

इंटरनेटचंही असंच. फायबरमधून प्रकाश धावतो, एकाच तारेत वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश म्हणजे जणू वेगवेगळ्या लेन. तारेत जागा भरपूर असते. अडतं ते जिथे अनेक गावांचा डेटा एकत्र येतो त्या यंत्रावर, नाहीतर पलीकडच्या सर्व्हरवर. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी सगळे एकदम अर्ज भरायला बसले की साइट फिरतच राहते. ही गव्हाणीपुढचीच रांग.

दुसरा धोका जेसीबीचा. गावाला एकच तार आली असेल तर ती तुटली की ग्रामपंचायतीचे दाखले, बँकेचं काम, सगळं ठप्प. म्हणूनच ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या 1,39,579 कोटींच्या सुधारित भारतनेट योजनेत तारांची रिंग करायचं ठरलं. एका बाजूनं तार तुटली तर डेटा दुसऱ्या बाजूनं फिरून येतो. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याकडेला, एकाच चरात टाकल्या तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडणार. मग रिंग कागदावरच.

म्हणून ग्रामसभेत रुंदीकरणासोबत आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. कारखाना तोडीची चिठ्ठी देताना ट्रॅक्टरनं किती वाजता पोचायचं ती वेळही देणार का? आणि गावात येणारी दुसरी तार वेगळ्या रस्त्यानं येते का? पहिल्याला फार खर्च नाही, नियोजन लागतं. दुसऱ्याचं उत्तर काम सुरू होण्याआधीच घ्यायला हवं. चर बुजल्यावर विचारून उपयोग नाही.