पीसीचा खप डिस्कवरून मोजू नका



‘पीसीवर गेम विकत घेतो कोण?’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. खरा खप कन्सोलचाच, हे पटवण्यासाठी पत्रलेखकाने ‘जीटीए ५’चा दाखला दिला आहे. पण तो गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला आणि पीसीवर थेट एप्रिल २०१५मध्ये. दीड वर्ष उशिरा आलेल्याची अशी तुलना कशी करायची?

त्याऐवजी एकाच दिवशी, १० डिसेंबर २०२० रोजी, दोन्हीकडे आलेला ‘सायबरपंक २०७७’ पाहावा. तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्याच आकडेवारीनुसार वर्षअखेरपर्यंत त्याच्या १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या आणि त्यातल्या ५६ टक्के पीसीवर! जुन्या कन्सोलवर तो धड चालेना, सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, हे खरे. मात्र या तक्रारी सुरू होण्यापूर्वीच्या आगाऊ नोंदणीतही पीसीचा वाटा ५९ टक्के होता.

पीसीवरचे गेम बहुतांशी स्टीमसारख्या सेवांवरून डाउनलोड होतात. दुकानांतल्या डिस्कच्या खपाच्या याद्यांत ते दिसणार कसे? एका गेमवरून पीसीच श्रेष्ठ असे मीही म्हणणार नाही. पण पीसीचा ग्राहक पैसे मोजत नाही, हा आरोप टिकत नाही.

– एक वाचक, पुणे