ओळख लागत नाही, अर्ज लागतो

अमेरिकेतल्या मराठी घरात एखाद्या मुलानं किंवा मुलीनं "मला वेस्ट पॉइंटला जायचंय" असं म्हटलं की आधी काळजी वाटते आणि पाठोपाठ व्यवहार बोलतो: "त्याला काँग्रेसमनची शिफारस लागते म्हणे. आपली कुठे ओळख आहे?" बऱ्याच घरांत विषय इथेच मिटतो. काळजी समजण्यासारखी आहे, तिच्याकडे पुढे येऊच. ओळखीची शंका मात्र निव्वळ गैरसमजातून आलेली आहे, आणि तिच्यापायी हुशार, काटक, जिद्दी मुलं दारापर्यंत न जाताच माघारी फिरतात.

या गैरसमजाचं मूळ आपल्या मागच्या आयुष्यात आहे. खडकवासल्याच्या एनडीएत जायचं तर यूपीएससीची लेखी परीक्षा द्यायची, मग एसएसबीच्या पाच दिवसांच्या मुलाखती, मग वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी गुणवत्ता यादी. खासदाराचा त्यात काडीचाही संबंध नाही. त्या पद्धतीत वाढलेल्या आईवडिलांना लोकप्रतिनिधीच्या सहीवर होणारी भरती म्हटली की वशिलाच आठवणार. त्यांचा अनुभवच तसा आहे.

अमेरिकेतली पद्धत वेगळ्या विचारातून आली. वेस्ट पॉइंटची मिलिटरी अकॅडमी १८०२ची, ॲनापोलिसची नेव्हल अकॅडमी १८४५ची आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जची एअर फोर्स अकॅडमी १९५४ची. सैन्याचे अधिकारी एकाच प्रांतातून किंवा चार बड्या घराण्यांतून येऊ नयेत, देशाच्या कानाकोपऱ्यातून यावेत, हा जागा वाटण्यामागचा हेतू. म्हणून प्रत्येक काँग्रेसमन आणि प्रत्येक सेनेटर यांच्या खात्यात या तिन्ही अकॅडम्यांत प्रत्येकी पाच जागा असतात. पाचपैकी एक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की जागा रिकामी होते. म्हणजे साधारण वर्षाला एक. त्या एका जागेसाठी लोकप्रतिनिधी एकच नाव न पाठवता दहा-पंधरा नावं पाठवू शकतो; यालाच नॉमिनेशन म्हणतात. त्यातून निवड करते ती अकॅडमी. लोकप्रतिनिधीनं एखाद्याला पहिल्या पसंतीचा उमेदवार म्हणून जाहीर केलं आणि तो सर्व निकषांत बसला, तर मात्र अकॅडमीला त्यालाच घ्यावं लागतं. उपराष्ट्राध्यक्षांच्याही पाच जागा असतात, देशभरासाठी. राष्ट्राध्यक्षांच्या दर वर्षी शंभर असतात, पण त्या सैन्यात नोकरी केलेल्यांच्या मुलांसाठी राखीव. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांना चार दारं उघडी असतात: आपल्या मतदारसंघाचा काँग्रेसमन, राज्याचे दोन सेनेटर आणि उपराष्ट्राध्यक्ष. चारही ठिकाणी अर्ज करायला परवानगी आहे, आणि चारही ठिकाणी करावाच.

किंग्ज पॉइंटच्या मर्चंट मरीन अकॅडमीलाही काँग्रेसचं नॉमिनेशन लागतं, फक्त तिथे जागा राज्यवार वाटलेल्या असतात. न्यू लंडनच्या कोस्ट गार्ड अकॅडमीला नॉमिनेशन लागतच नाही. सरळ कॉलेजसारखा अर्ज. हे सांगितल्यावरही "पण ओळख?" असं विचारणारे भेटतात.

एके काळी ओळख चालायची, हे खरं. १८३९ मध्ये ओहायोच्या एका चर्मकाराच्या मुलाला वेस्ट पॉइंटची जागा मिळाली, कारण वडिलांनी काँग्रेसमन थॉमस हॅमर यांना पत्र लिहिलं. दोघांचं राजकारणावरून बिनसलं होतं, तरी हॅमरनी सही केली. घाईत त्यांनी मुलाचं नावही चुकीचं लिहिलं: हायरम युलिसीस ग्रँटचा युलिसीस एस. ग्रँट झाला आणि तेच नाव पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत टिकलं. मजा म्हणजे पोराला तिथे जायचंच नव्हतं. हौस होती बापाची. या प्रकारची घरं आपल्याकडेही आहेत.

पण काही दशकांत चित्र पालटलं. १९१० मध्ये कॅन्ससच्या ॲबिलीनमधल्या एका डेअरीत काम करणाऱ्या ड्वाइट आयझेनहॉवरनं सेनेटर ब्रिस्टो यांच्याकडे अर्ज केला. घरात पैसा नव्हता, राजकीय वजन नव्हतं. सेनेटरनी उमेदवारांची परीक्षा घेतली, आयझेनहॉवर त्यात वर आला आणि १९११ मध्ये वेस्ट पॉइंटला दाखल झाला. आज बहुतेक कार्यालयांत हाच प्रकार थोड्या फरकानं चालतो. निबंध, शाळेचे गुण, शिक्षकांची आणि प्रशिक्षकांची पत्रं, आणि मग मुलाखत. मुलाखत घेणारी समिती बहुधा त्याच भागातल्या निवृत्त अधिकाऱ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांची असते. उमेदवाराच्या वडिलांनी प्रचाराला किती देणगी दिली हे त्या मंडळींना ठाऊकही नसतं.

नॉमिनेशनच्या या अधिकाराचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो आपण जास्त लक्षात ठेवायला हवा. १९३२ मध्ये काँग्रेसमध्ये फक्त एकच कृष्णवर्णीय सदस्य होता, शिकागोचा ऑस्कर डी प्रीस्ट. त्यानं बेंजामिन ओ. डेव्हिस या तरुणाला वेस्ट पॉइंटसाठी नॉमिनेट केलं. चार वर्षं इतर कॅडेट त्याच्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलले नाहीत. खोलीत एकटा, जेवणाच्या टेबलावर एकटा. तो टिकला, १९३६ मध्ये २७६ जणांत ३५ वा आला, दुसऱ्या महायुद्धात टस्कीगी नावानं ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं नेतृत्व केलं आणि १९५४ मध्ये हवाई दलाचा पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. ॲनापोलिसमधून १९४९ मध्ये पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय वेस्ली ब्राउन यालाही न्यूयॉर्कच्या ॲडम क्लेटन पॉवेल यांनी पाठवलं होतं. एखाद्या समाजाचे लोक अधिकारी म्हणून दिसायला लागतात ते कुणीतरी नाव पाठवतं आणि कुणीतरी अर्ज करतं म्हणून. यातली दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे.

पहिली गोष्टही आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या बेळगावात आहे, त्याच बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा गेले. इतर कुठल्याही सदस्याइतकाच नॉमिनेशनचा अधिकार या मराठी माणसालाही मिळाला. पण त्यावरून कुणी फोन फिरवायला घेऊ नये! त्यांच्याकडे अर्ज करता येतो तो त्यांच्या मतदारसंघात राहणाऱ्यांना. एडिसनच्या किंवा फ्रिमाँटच्या मुलानं आपापल्या काँग्रेसमनच्या कार्यालयाचं पान उघडावं, तिथेच फॉर्म असतो.

भारतीय नावं या अकॅडम्यांना नवीन नाहीत. सुनीता विल्यम्स यांचे वडील गुजरातेतून आलेले डॉक्टर. त्या १९८७ मध्ये ॲनापोलिसमधून बाहेर पडल्या, हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या आणि मग अंतराळवीर. राजा चारी यांचे वडील हैदराबादेतून शिकून आलेले इंजिनिअर. मुलगा आयोवाच्या सीडर फॉल्समध्ये वाढला, १९९९ मध्ये एअर फोर्स अकॅडमीतून पदवीधर झाला आणि २०२१ मध्ये त्यानं अंतराळ स्थानकाकडे निघालेल्या यानाचं नेतृत्व केलं. सीडर फॉल्ससारख्या गावात किती भारतीय घरं असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता काही कोरड्या पण निर्णायक गोष्टी. उमेदवार अमेरिकेचा नागरिक हवा, दाखल होण्याच्या दिवशी सतरा वर्षं पूर्ण हवीत आणि त्या वर्षीच्या १ जुलैला तेवीस झालेली नसावीत (किंग्ज पॉइंटसाठी पंचवीस). तो अविवाहित असावा, त्याच्यावर कुणाची कायदेशीर जबाबदारी नसावी. नागरिकत्वाची अट आपल्या समाजाला सगळ्यात जास्त टोचते. इथे जन्मलेल्या मुलाला अडचण नाही, आईवडील अजून एच-१बीवर असले तरी. पण पुण्यात जन्मून तिसऱ्या वर्षी इथे आलेली, इंग्रजी इथल्यांसारखं बोलणारी मुलगी ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकली असेल, तर तिला हे दार बंद. ग्रीन कार्ड मिळालं तरी ते पुरत नाही. त्या मुलीचं वय अठराच्या आत असताना आई किंवा वडील नागरिक झाले आणि ती ग्रीन कार्डावर त्यांच्यापाशी राहत असेल, तर तिला नागरिकत्व आपोआप मिळतं. तेव्हा "शपथविधीची काय घाई आहे" म्हणत अर्ज लांबवणाऱ्या पालकांनी मुलांच्या वयाकडे एकदा पाहावं.

दुसरी गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय कार्ड देत नाही. ज्यांच्याकडे कार्ड आधीच आहे त्यांनी वकिलातीत नीट विचारून घ्यावं. आजीला भेटायला कोल्हापूरला जायचं तर व्हिसा काढावा लागेल, ही किंमत लहान की मोठी हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ती आधी माहीत असावी.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची. संरक्षण खात्याची वैद्यकीय तपासणी वेगळी आणि कडक असते. तेराव्या वाढदिवसानंतर दमा असल्याची नोंद असेल तर उमेदवार प्रथमदर्शनी अपात्र ठरतो. सूट मागता येते, पण कागदपत्रं लागतात आणि महिने जातात. शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी, चष्म्याचा फार मोठा नंबर, नौदलासाठी रंगांधळेपणा, या सगळ्याची विचारणा होते. खोकला झाला की इन्हेलर लिहून घेणाऱ्या घरांनी फाइलमध्ये नेमकं काय लिहिलंय ते वाचून ठेवावं.

आपली मुलं कमी पडतात ती गणितात नाही. शारीरिक चाचणीत गुडघ्यावर बसून बास्केटबॉल फेकायचा असतो, पुल-अप्स काढायचे असतात, पळायचं असतं आणि शेवटी एक मैल जीव तोडून धावायचं असतं. स्पर्धा परीक्षांच्या क्लासला शनिवार-रविवार देणारी घरं पुल-अप्सच्या दांड्याला पाच मिनिटं देत नाहीत. मुलाखतीतही रोबोटिक्सची पदकं मोजत नाहीत. तू कुणाचं नेतृत्व केलंस आणि ते बिघडलं तेव्हा काय केलंस, हे विचारतात. महाराष्ट्र मंडळाच्या ढोल-ताशा पथकात चाळीस जणांना वेळेवर सरावाला आणणारी, भांडणं मिटवणारी, पावसात मिरवणूक पुढे नेणारी मुलगी या प्रश्नाचं उत्तर झकास देऊ शकते. अर्जात ती ते लिहीतच नाही, कारण घरात कुणाला ते "ॲक्टिव्हिटी" वाटत नाही.

आता काळजीबद्दल. "ही अमेरिकेची युद्धं, त्यात आपली पोरं कशाला?" असं पालक खासगीत म्हणतात, आणि हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. पदवीनंतर किमान पाच वर्षं सक्रिय सेवा करावी लागते. २००१ नंतर वेस्ट पॉइंटमधून निघालेल्या कित्येक तुकड्या अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये लढल्या. काही जण परत आले नाहीत. पदवीचा खर्च नाही, उलट दरमहा भत्ता मिळतो, हे ऐकून कुणी मुलाला तिकडे ढकलत असेल तर त्यानं थांबावं. फुकट पदवी म्हणून या अकॅडम्यांकडे पाहणं चुकीचं आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत विद्यार्थी बाहेर पडू शकतो, त्यानंतर मात्र सेवा करावी लागते किंवा सरकारला खर्च परत द्यावा लागतो. पण मुलानं स्वतः विचार करून ठरवलं असेल, तर त्याला अडवायला "आपले लोक तिकडे जात नाहीत" हे कारण पुरेसं नाही. या देशाचं नागरिकत्व आपण घेतलं, इथे मतं देतो, शाळांसाठी कर भरतो. सैन्याचे निर्णय घेणाऱ्यांत आपण नसावं, असा नियम कुणी केलेला नाही.

पद्धतीत दोष नाहीत असं नव्हे. प्रत्येक कार्यालयाचे निकष वेगळे, कायद्यानं एकसारखी मोजपट्टी घातलेली नाही. उत्तर व्हर्जिनियात, जिथे घरटी कुणीतरी सैन्यात असतं, एका जागेसाठी चुरस जीवघेणी असते. काही शहरी मतदारसंघांत पुरेसे अर्जच येत नाहीत. पत्ता कुठला यावर नशीब ठरतं. पण हीच विषमता आपल्यातल्या काही वस्त्यांच्या बाजूनंही असू शकते, आणि ते अर्ज केल्याशिवाय कळणार नाही. सोबत आरओटीसी, म्हणजे नेहमीच्या कॉलेजात शिकता शिकता मिळणाऱ्या लष्करी प्रशिक्षणाच्या, शिष्यवृत्तीचा अर्जही करावा. त्याला नॉमिनेशन लागत नाही आणि शेवटी अधिकारी होण्याचा तोही पक्का रस्ता आहे.

मंडळानं काय करावं? सॅटच्या क्लासची जाहिरात दर अंकात येते. तिच्या शेजारी एक घोषणा येऊ द्या: गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला जोडून दहावी-अकरावीच्या मुलांसाठी दोन तास. जवळच्या काँग्रेसमनच्या कार्यालयातला नॉमिनेशन पाहणारा कर्मचारी बोलावला तर सहसा येतो; अकॅडम्यांचे स्थानिक स्वयंसेवक प्रतिनिधीही येतात, कारण ते त्यांचं कामच आहे. पालकांनी मागच्या रांगेत बसावं आणि प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. फॉर्मही मुलांनीच भरावा. निबंध आईनं लिहिला असेल तर मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत समजतं.

आणि वेळ पाळा. अकरावीच्या वसंतात अर्ज उघडतात. बहुतेक कार्यालयांची मुदत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपते, मुलाखती थंडीत होतात आणि नावं ३१ जानेवारीपर्यंत अकॅडमीकडे जातात. म्हणजे आपण गणपती-नवरात्राच्या गडबडीत असतो तेव्हा दार बंद होत असतं. यंदा बारावीत जाणाऱ्या मुलांनी हा अंक बाजूला ठेवून आज संध्याकाळीच आपल्या काँग्रेसमनच्या कार्यालयाची मुदत बघून घ्यावी.