घोटांचे मोजमाप चुकू नये

घास छातीत अडकतो, पाणीही खाली उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या रुग्णाच्या एंडोस्कोपीत काही अडथळा दिसला नाही, की पुढची पायरी म्हणजे अन्ननलिकेची मॅनोमेट्री. नाकातून जठरापर्यंत बारीक नळी घालतात आणि तिच्यावरचे सेन्सर प्रत्येक घोटाचा दाब टिपतात. पडद्यावरचा रंगीत आलेख खात्रीचा वाटतो. पण तपासणीच सदोष असेल, तर तोच दिशाभूल करतो.

चुका तपासणीआधीच सुरू होतात. रुग्ण कोणती औषधे घेतो, हे विचारायचे राहून जाते. ओपिऑइड वर्गातील वेदनाशामकांमुळे अन्ननलिकेची खालची झडप नीट सैल पडत नाही आणि आजार नसतानाही आलेख आजारासारखा दिसू शकतो. उलट, नायट्रेटसारखी औषधे दाब कमी करतात. अर्थात, औषध थांबवायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. रुग्णाने परस्पर बंद करू नये.

दुसरी चूक नळीच्या जागेची. तिचे टोक श्वासपटल ओलांडून जठरात न जाता वरच वेटोळे करून राहिले, तर झडपेचे मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. तिसरी चूक घाईची. एका घोटामागोमाग लगेच दुसरा घेतला, तर पहिल्याची लाट मध्येच थांबते आणि स्नायू दुबळे असल्याचा भास होतो. म्हणूनच 2021 साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत आडवे झोपून 5 मिलिलिटर पाण्याचे 10 घोट आणि नंतर बसूनही काही घोट तपासायला सांगितले आहे.

चौथी चूक सर्वांत महागात पडणारी : संगणकाने दिलेल्या आकड्यालाच निदान मानणे. झडपेपाशी अडथळा असल्याचे आलेख सांगत असेल, तरी रुग्णाची लक्षणे आणि बेरियमच्या एक्स-रेसारखी दुसरी तपासणी यांची साथ हवी. कारण पुढचा उपचार फुग्याने झडप ताणण्याचा किंवा स्नायू कापण्याचा असू शकतो, आणि कापलेला स्नायू पूर्ववत होत नाही.

त्यामुळे चालू औषधे, तपासणीची स्थिती, घोटांची संख्या आणि नळीची जागा यांची नोंद प्रत्येक अहवालात असायलाच हवी. ती नसेल, तर शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी रुग्णाने ती मागावी. तो त्याचा हक्क आहे.